छातीतलं मांजर

"आता ही मनुका आपण खायची नाही," अन्विता म्हणाली. "आधी नुसती बघायची. हिला सुरकुत्या आहेत का? ही जड आहे की हलकी? हिचा वास कसा येतोय?"

ती वासापर्यंत पोचायच्या आत अठरातल्या सतरा मनुका पोटात गेल्या होत्या. बबलू साळुंखेने तर शेजारच्या पोरीची पण खाल्ली होती आणि ती पोरगी भोकाड पसरायच्या बेतात होती. मी भिंतीला टेकून उभी होते. आमची मदतनीस हौसाबाई खिचडीचा डाव हातात धरून माझ्या शेजारी. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी पदर तोंडाला लावले.

एकाच पोरीच्या तळहातावर मनुका तशीच होती. वरच्या धनगरवस्तीवरची ईश्वरी ढेबे. सगळे तिला इसरी म्हणायचे. चार वर्षांची, काळी, किडकिडीत पोर. मनुकेकडे बघत बसली होती.

"बघा ना शालनताई," अन्विता हरखून म्हणाली, "ही किती सजग आहे!"

"सजग नाही मॅडम, मठ्ठ आहे," मी म्हटलं. "खायची असते हे तिला अजून कळायचंय."

हौसाबाई फसकन हसली. ती हसली म्हणून पोरंही हसली. इसरीने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मनुका हळूच गालात ठेवली.

याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा पाटणकडच्या डोंगरातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त झालेय. त्या पाच दिवसांबद्दल मी पुष्कळ जणांना पुष्कळ वेळा सांगितलंय, व्यासपीठावरूनसुद्धा सांगितलंय. पण सांगितलं त्यात अर्धं खोटं होतं. आज जसं झालं तसं सांगते.

पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेने 'सजग बालपण' नावाचं खूळ काढलं होतं. लहान पोरांना हळू व्हायला शिकवायचं. श्वासाकडे लक्ष द्या, आवाज ऐका, सावकाश खा, सावकाश चाला. तालुक्यातल्या सगळ्यात चांगल्या अंगणवाडीत पाच दिवस करून बघायचं ठरलं, आणि सगळ्यात चांगली अंगणवाडी माझीच होती. मुख्यसेविका मॅडमचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, आमची पोरं हळू करायला पुण्याहून माणूस कशाला? पोरं वेगात यावीत म्हणून मी एकोणीस वर्षं घसा फोडतेय." त्या म्हणाल्या, "शालनबाई, पाच दिवस सहन करा. अहवाल चांगला जाईल."

तर ही अन्विता आली. पंचवीस-सव्वीसची. खादीचा ढगळ कुडता, केस वर कसेतरी बांधलेले, पिशवीत एक काशाची वाटी आणि ती वाजवायला लाकडी दांडका. बोलणं असं मऊ, की समोरच्याने कान पुढे करावा. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "शालनताई, तुम्ही स्वतःसाठी दिवसातून किती वेळ शांत बसता?" मी सांगितलं, "संडासात बसते तेवढाच." तिने ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

मला तिचा राग येत नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला तिची कीव यायची, आणि कीवही पुरती नाही. घरात मूल नाही, पोराचा शेंबूड कधी पुसलेला नाही, आणि ही मला मूल कसं सांभाळायचं ते दाखवणार.

माझी अंगणवाडी म्हणजे घड्याळ होतं. साडेदहाला प्रार्थना. पावणेअकराला गाणी. सव्वाअकराला अंक आणि चित्रं. बाराला खिचडी, सव्वाबाराला ताटं धुवून पालथी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन, अठरा पोरं पंचवीस मिनिटांत. एका पोराला काट्यावर बसवून उतरवेपर्यंत दुसऱ्याची चड्डी-सदरा काढून तयार. तालुक्याच्या बैठकीत बाकीच्या सेविका विचारायच्या, "तुम्हाला जमतं कसं?" मी म्हणायचे, "पोरांना लाडावलं नाही की जमतं."

या घड्याळात एकच खडा होता, इसरी. सव्वाबाराला बाकीची पोरं हात धुऊन बाहेर पळायची आणि हिच्या ताटात अर्धी खिचडी. दोन घास खायची, थांबायची, तोंड उघडं टाकून बसायची, परत एक घास. हौसाबाई ताटासाठी डोक्यावर उभी. लपंडावात ही कधी नाही, पकडापकडीत नाही. नळापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी वाटेत मध्येच उकिडवी बसायची, गुडघे छातीला लावून, जमिनीकडे बघत. मी दंडाला धरून उठवायचे. "ऊठ गं गोगलगाय. नाटकं नकोत." पोरांनी ते नाव उचललं आणि तेच पडलं.

तिची आई जनाबाई रोज सकाळी दुधाची किटली डोक्यावर घेऊन डेअरीला उतरायची. पोरीला आमच्याकडे सोडायची आणि दुपारी घेऊन जायची. वर जाताना चार वर्षांच्या पोरीला कडेवर घ्यायची. मी दारातून ओरडायचे, "जने, पाय मोडलेत का गं तिचे? घोडी झाली आता!" ती मागे वळून न बघता चढायला लागायची. एकदा मी तिला थांबवून चांगलं खडसावलं होतं. "पोरीचं वजन वाढत नाही. तुमच्याकडे दूध, ताक, तूप, सगळं विकता. पोरीला काय ठेवता?"

"देती की वो बाई. पर ती खाता खाता दमती."

"खाता खाता? खाऊन कुणी दमतं होय?"

मी ते हौसाबाईला सांगितलं, मुख्यसेविका मॅडमना सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं. धनगराची पोर खिचडी खाऊन दमते. महिनाभर आमच्याकडे तो विनोद चालला. डॉक्टरांची तपासणीची गाडी वर्षातून दोनदा यायची. दोन्ही वेळा इसरी वस्तीवरच राहिली होती, मी 'गैरहजर' लिहून मोकळी झाले. वरपर्यंत निरोप धाडायचा तर माणूस पाठवायला लागतं, आणि गाडी काही थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी अन्विताने वाटी वाजवली. आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून ऐकायचं, आणि ऐकू येईनासा झाला की हात वर करायचा. बबलूने वाजायच्या आधीच हात वर केला. मग तिने पोरांना दहा उड्या मारायला लावल्या. शेणाने स्वच्छ सारवलेल्या माझ्या अंगणात धुरळा उडाला. इसरीने दोन उड्या मारल्या आणि ती आपल्या जागी उकिडवी बसली. सवयीप्रमाणे माझा हात तिच्या दंडाकडे गेला, तर अन्विता म्हणाली, "राहू दे ना ताई. तिला बसावंसं वाटतंय."

"तिला रोजच बसावंसं वाटतं," मी म्हटलं.

"आता सगळ्यांनी आपल्या मित्राच्या छातीवर हात ठेवायचा," अन्विता सांगत होती. "आत काय चाललंय ते हाताने ऐकायचं. घाई नाही. कुणाच्या आत ढोल वाजतोय, कुणाच्या आत घोडा पळतोय."

पोरांना हा खेळ आवडला. ढोल, घोडा, इंजिन, जो तो ओरडायला लागला. इसरीसमोर तिची चुलतबहीण कोंडाबाई बसली होती, तिच्याच वस्तीवरची, तिच्याच वयाची, तशीच काळी. ती बराच वेळ हात ठेवून बसली आणि मग म्हणाली, "बाई, इसरीच्या छातीत मांजर हाय."

"काय आहे?"

"मांजर. घुरघुरतंया."

"गप बस. मांजर म्हणे!"

अन्विता मात्र गुडघ्यावर बसली. तिने इसरीला विचारलं, "मी हात ठेवू?" पोरीला विचारलं! इसरीने मान हलवली. अन्विताने हात ठेवला आणि डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून गेले होते, खिचडी निवत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, आणि तिचा चेहरा वेगळा झाला होता. ती उठून माझ्याजवळ आली, आणखी हळू आवाजात म्हणाली, "ताई, खरंच काहीतरी थरथरतंय. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. तुम्ही बघता का?"

"कफ असेल. थंडीचे दिवस आहेत. डोंगरातली पोरं अशीच घुरघुरतात."

"डॉक्टरांना दाखवलंय का तिला?"

"मॅडम, तुम्ही पाच दिवसांसाठी आलाय. मी हिला दोन वर्षं बघतेय."

ती ओशाळली. "हो, तसं नव्हतं म्हणायचं," असं म्हणून बाजूला झाली. बरं वाटलं मला. हौसाबाई ताटं मांडताना पुटपुटली, "मनुकंत जीव बघनारी बाई, छातीत मांजर बघंल न्हाई तर काय!" मी मोठ्याने हसले.

मी तेव्हा हात ठेवून बघितलं नाही. दोन पावलांवर पोर होती. अन्विताला दाखवून द्यायचं होतं की माझ्या अंगणवाडीत काय आहे आणि काय नाही ते मला विचारल्याशिवाय ठरत नाही. म्हणून नाही बघितलं. दुसरं कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चालण्याचा खेळ होता. अंगणवाडीपासून मारुतीच्या पारापर्यंत शंभरेक पावलांची चढण आहे. तिथवर अगदी हळू चालत जायचं, पायाखाली काय लागतंय ते बघत.

"आज आपण गोगलगायीसारखं चालायचं," अन्विता म्हणाली.

सगळी पोरं फिस्कन हसली आणि सतरा बोटं इसरीकडे गेली. "हीच गोगलगाय! बाई हिला गोगलगाय म्हनत्यात!"

अन्विताने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भाषण देणार. पण ती वळून पोरांना म्हणाली, "असं होय? मग ईश्वरीला हा खेळ सगळ्यात चांगला येत असेल. ईश्वरी पुढे. तिच्या पुढे कुणी जायचं नाही. ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं."

रांग निघाली. पुढे इसरी, मागे सतरा पोरं, त्यांच्या मागे अन्विता आणि सगळ्यात शेवटी मी, कारण मुख्यसेविका मॅडमनी सांगितलं होतं की सेविकेनेही भाग घेतला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा ती पोर रांगेच्या पुढे होती. मान ताठ, हात अंगाला चिकटवलेले. गावातले दोघेतिघे पारावरून बघत होते. माझ्या वयाची बाई मुंगीच्या पावलाने चढतेय, हे बघून एकाने विचारलंच, "काय बाई, पाय दुखावला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीस-पंचवीस पावलं झाली असतील. इसरी थांबली आणि उकिडवी बसली. लगेच मागची सतरा पोरं उकिडवी बसली. त्यांना वाटलं, खेळच आहे. अन्विताही बसली. मी एकटी उभी राहिले.

उभी होते म्हणून सगळी रांग वरून दिसत होती. थोड्या वेळाने पोरं कंटाळून उठली, एकमेकांना ढकलायला लागली. इसरी उठली नाही. अन्विताने त्यांना परत शांत केलं आणि आम्ही सगळे तिची वाट बघत राहिलो. मला करायला काहीच नव्हतं. रजिस्टर हातात नव्हतं, ताटं नव्हती, कुणाला दटावायचंही नव्हतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. तिच्या बरगड्या सदऱ्यातून आतबाहेर होत होत्या, कुत्रं धापा टाकतं तशा. शंभर पावलांतली वीस पावलं, तीसुद्धा गोगलगायीची. एवढ्याने कुणी असं धापत नाही. नाटक करणारं पोर जमिनीकडे बघत नाही, आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघतं. ही कुणाकडेच बघत नव्हती.

मी पुढे गेले. तिच्यामागे कोंडाबाई उभी होती. दोघींचे हात शेजारी शेजारी. दोघी सारख्याच काळ्या. पण कोंडाबाईची नखं गुलाबी होती आणि इसरीची निळी, जांभळट, बोटांची टोकं दौतीत बुडवून काढावीत तशी. टोकं फुगीर होती. मी तिची हनुवटी वर केली. ओठ तसेच. दोन वर्षं मी ते ओठ बघत होते. हिवाळ्यात म्हणायचे थंडी, उन्हाळ्यात म्हणायचे करवंदं खाल्ली असतील, आणि एरवी म्हणायचे, काळी पोर, हिचे ओठही काळेच असणार.

माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता होता, 'बालकांमधील धोक्याची लक्षणे'. त्यातली चौथी ओळ, ओठ व नखे निळसर दिसणे, दम लागणे. तालुक्याच्या परीक्षेत मी ते सगळं न अडखळता सांगून पहिली आले होते.

"ताई?" अन्विता मागून म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "खेळ पुरे झाला. खिचडीची वेळ झाली."

मी इसरीला उचललं. तिच्या छातीशी माझा हात आला आणि तळव्याला ते लागलं. कोंडाबाईने बरोबर सांगितलं होतं.

त्याच दुपारी मी वरच्या वस्तीवर गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दीड तासाची चढण. आता खरं सांगायचं म्हटलं आहे तर हेही सांगते, मी चढत होते ती इसरीसाठी नव्हे. मला अन्विताच्या आधी पोचायचं होतं. पाच दिवसांसाठी आलेल्या पोरीने माझ्या नाकाखालचा आजार शोधला, असं तालुक्यात झालं असतं तर माझी एकोणीस वर्षं मातीत गेली असती. तिने उद्या मुख्यसेविका मॅडमना फोन केला तर? त्याआधी सगळं माझ्या हातून व्हायला हवं होतं. वाटेत दोनदा दम लागून खाली बसले आणि दोन्ही वेळा मनातल्या मनात त्या काशाच्या वाटीला शिव्या घातल्या.

जनाबाई गोठ्याशी शेण गोळा करत होती. इसरी उंबऱ्यात बसली होती. मला बघून पोरगी आत गेली.

"काय काम काढलंसा बाई, येवढ्या लांब?"

"जने, पोरीला उद्या तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचंय. सकाळच्या पहिल्या गाडीने. तिच्या हृदयाचं काहीतरी आहे असं मला वाटतंय."

तिने हात धुतले. पदराला पुसले. सावकाश. "त्या पुण्याच्या बाईनं सांगितलं का?"

"तिचा काय संबंध? मीच ओळखलं."

"काल पोरगी आली ती सांगत आली. आये, माज्या छातीत मांजर हाय, बाईनं हात लावून बघितलं." तिने शेणाची पाटी बाजूला सरकवली. "त्या मांजराचं मला काय कवतिक सांगत्येय? जन्मल्यापास्नं म्हाईत हाय मला ते. कुशीत घेतली की रोज हाताला लागतंय."

"मग सांगितलं का नाहीस?" मी आवाज चढवला. "एवढं माहीत होतं तर तोंडाला कुलूप लावलं होतंस का?"

"सांगितलं न्हाई?" जनाबाईचा आवाज चढला नाही. "दमती म्हून सांगितलं. खाता खाता दमती म्हून सांगितलं. कडंवर का घेती, तर दमती म्हून. तुमी हसलासा. डेअरीवरची मानसं बी हसाय लागली, तुमीच सांगितलं असनार त्यास्नी. मग म्या म्हनलं, शिकल्याली बाई हसती म्हंजी काय नसंल. समद्याच पोरींच्या छातीत असंल असं कायतरी."

मी म्हटलं, "पहिली गाडी सहाची आहे. उशीर करू नकोस."

"मी कंदी उशीर केला बाई?" ती म्हणाली. "रोज चारला उठती धारा काढाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तालुक्याला गेलो, तिथून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात. दिवसभर बाकावर बसलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. हृदयात भोक आहे, शिवाय फुप्फुसाकडे जाणारी नळी अरुंद आहे, जन्मापासूनच. पोर उकिडवी बसते कारण तसं बसलं की तिला थोडा आराम पडतो. ते तिचं तिनेच शोधून काढलंय. ऑपरेशन होईल, सरकारी योजनेतून होईल, पण आणखी वर्षभर उशीर केला असता तर सांगता आलं नसतं.

मला दंडाला धरून उठवलेले सगळे दिवस आठवले. नळाच्या वाटेवरचे, पाराच्या वाटेवरचे. श्वास पुरत नव्हता म्हणून ती बसायची आणि मी तिला ओढून उभी करायचे.

"कोणाच्या लक्षात आलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जनाबाईकडे बघितलं नाही. "माझ्या," मी म्हटलं. "मी अंगणवाडी सेविका आहे."

"फार चांगलं काम केलंत बाई," ते म्हणाले. "तुमच्यासारखं बारकाईनं बघणारी माणसं हवीत."

जनाबाई पोरीच्या केसांतून हात फिरवत बसली होती.

दवाखान्याच्या कागदपत्रांत दुसरा दिवसही तिथेच गेला, आणि अन्विताचे उरलेले दोन दिवस माझ्याविनाच संपले. मी परतले तेव्हा ती पुण्याला गेली होती. हौसाबाईने सांगितलं की शेवटच्या दिवशी पोरं वाटी ऐकताना खरोखर गप बसली होती, बबलूसुद्धा. मी म्हटलं, दमली असतील. आठवड्याने अन्विताचा फोन आला. मुख्यसेविका मॅडमकडून तिला कळलं होतं.

"शालनताई, तुम्ही किती नीट बघितलंत!" ती म्हणाली. "मला नुसतं थरथरणं जाणवलं होतं. नखांकडे माझं लक्षच गेलं नाही. ईश्वरी कशी आहे? घाबरली नाही ना?"

एवढी शिकलेली पोरगी आणि यात आपला वाटा काय होता तेही तिला कळू नये! की कळत होतं, आणि तिने ते सोडून दिलं होतं? आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही. त्या मनुकेच्या खेळाला मी आजही वेडेपणाच म्हणते. "बरी आहे," मी म्हटलं आणि ताटं धुवायची आहेत म्हणून फोन ठेवला. आभार मानले नाहीत.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. सात तास लागले. जनाबाई महिनाभर पोरीसोबत दवाखान्यात राहिली, तिच्या म्हशी दिराने सांभाळल्या. मी एकदा भेटायला गेले. इसरी खाटेवर बसून पोळी खात होती. एक घास, दुसरा, तिसरा, मध्ये न थांबता. मी बिस्किटांचा पुडा ठेवला. तिने तो घेतला नाही. आईकडे बघितलं, आईने मान हलवली, तेव्हा घेतला. आता ती कराडला नर्सिंगच्या कॉलेजात आहे असं ऐकते.

त्याच वर्षी गणपतीनंतर पंचायत समितीच्या सभागृहात माझा सत्कार झाला. 'दक्ष सेविका'. मुख्यसेविका मॅडमनी अहवाल असा लिहिला होता की वाचून मलाच माझं कौतुक वाटावं. वजनाच्या नोंदींवरून मला शंका आली, मी सतत पाठपुरावा केला, अवघड डोंगर चढून गेले, अज्ञानी मातेचं मन वळवलं. अन्विताचं नाव त्यात नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मुलांकडे बारकाईने कसं बघावं यावर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. खाली तालुक्यातल्या सगळ्या सेविका बसल्या होत्या, काहीजणी लिहून घेत होत्या.

मग निवेदकाने जाहीर केलं, "शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार होत आहे, तो त्या बालिकेच्या मातोश्रींच्या हस्ते."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जनाबाई पायऱ्या चढून वर आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिच्या हातात कुणीतरी शाल दिली. तिने ती उलगडली, नीट दोन्ही खांद्यांवरून माझ्या अंगावर घातली. टोकं ओढून समोर जुळवली, लहान पोराचं झबलं ठीकठाक करावं तशी. मग तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी तेव्हा हात जोडून काहीतरी म्हणायला गेले. क्षमा मागायची होती, की जने, बरी आहेस ना, असं काहीतरी विचारायचं होतं, ते आता आठवत नाही.

ती माझ्या कानाशी वाकली.

"ह्यो मान तुमालाच ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "मला माजी पोरगी गावली."

तिने नारळ माझ्या हातात ठेवला आणि आली तशी पायऱ्या उतरून गेली. माइक लांब होता, कुणालाच ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, आई आभार मानून गेली. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला.